त्यांच्या पोटातलं पहिलं पाणी

कानबाई ही माझी देवी नव्हती. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर पुढचं वाचून कुणी मला मोठी भक्तीण समजेल. माझं माहेर जळगावचं. वडील कचेरीत कारकून, घरात दत्ताची एक तसबीर, तिच्यापुढे तिन्हीसांजेला उदबत्ती, एवढाच आमचा देवधर्म. लग्न होऊन धुळ्याला आले तेव्हा कळलं, की सासरच्या माणसांचं वर्ष दिवाळीला नव्हे, कानबाईला सुरू होतं. श्रावणात नागपंचमी झाली की येणाऱ्या रविवारी सोनगीरजवळच्या आमच्या गावी सगळी भाऊबंदकी गोळा व्हायची. घर चुन्यानं आणि शेणानं लख्ख व्हायचं, पाटावर नारळाची कानबाई बसायची, नथ घातलेली, डोळे लावलेली, आणि सोमवारी वाजतगाजत तिला नदीवर पोचवून यायचं. पण या सगळ्याचा जीव होता तो रोटांत. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू काढायचे, त्याच पिठाचे रोट करायचे, ते भाऊबंदकीतल्यांनीच खायचे आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. बाहेरच्याला कणही द्यायचा नाही. रोट खाल्लेल्या हातांचं पाणीसुद्धा मोरीत जाऊ द्यायचं नाही, अंगणात खड्डा करून त्यावर हात धुवायचे. माझी सासू, जिला सगळं गाव अक्का म्हणायचं आणि मीही, या बाबतीत कुणाची गय करत नसे. मी डोक्यावर पदर घेऊन सगळं करायची आणि मनात म्हणायची, देवीला इतकं मोजमाप कशाला लागतं?

आमच्या ह्यांचं धुळ्यात रेडिओ आणि टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. अक्कांचा हा एकुलता एक मुलगा, त्यांच्या बोलीत आंडोर. आम्हाला मूलबाळ झालं नाही, म्हणून कानबाईला आमच्या घरची मूठ एकच, ह्यांच्या नावाची. माणूस हसरा, पण स्वतःच्या शरीराकडे साफ दुर्लक्ष. नव्वदीच्या दशकातली ही गोष्ट. पाय सुजायला लागले तर म्हणे, दिवसभर स्टुलावर बसतो ना. सकाळी चेहरा सुजलेला दिसला तर म्हणे, झोप जास्त झाली. शेवटी दुकानातच घेरी येऊन पडले तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, की रक्तदाबानं दोन्ही मूत्रपिंडं खाऊन टाकली आहेत आणि हृदयही थकलंय. मशीनवर रक्त शुद्ध करण्याचा प्रयत्न मुंबईला झाला, पण मशीन सुरू झालं की ह्यांचा रक्तदाब इतका खाली जायचा, की डॉक्टरच घाबरले. मग त्यांनी पोटाचं डायलिसिस सुचवलं. पोटात एक मऊ नळी कायमची बसवायची. तिच्यातून पिशवीतलं औषधी पाणी पोटात सोडायचं, काही तास आत ठेवायचं, रक्तातली घाण त्या पाण्यात उतरते, मग ते खालच्या रिकाम्या पिशवीत काढून घ्यायचं आणि नवं भरायचं. हे रोज, दिवसातून चार वेळा, घरच्या घरी. बेंबीखाली चीर देऊन नळी बसवली आणि आम्ही पाण्याचे खोके घेऊन धुळ्याला परत आलो. नळीचं टोक दाखवून हे गिऱ्हाइकांना सांगायचे, की आता मलाही एरियल बसवलंय, स्टेशन नीट लागतं.

ते स्टेशन फार दिवस लागलं नाही. श्रावण लागला आणि एका सकाळी पोटात सोडलेलं पाणी बाहेरच येईना. ह्यांना कुशीवर वळवलं, उठवून बसवलं, खोलीभर चालवलं. पिशवीत नुसते थेंब. दुसरी पिशवी जोडून पाहिली, तिसरी जोडून पाहिली, त्या नादात हाताशी होत्या तेवढ्या बहुतेक पिशव्या संपल्या. पोट टम्म झालं, श्वास लागायला लागला. धुळ्याच्या डॉक्टरांनी फोटो काढला तर नळीचं टोक ओटीपोटातली जागा सोडून वर बरगडीखाली जाऊन बसलेलं. मुंबईपर्यंतचा प्रवास ह्यांना झेपणार नाही असं त्यांनी स्पष्ट सांगितलं, आणि जळगावच्या एका तरुण सर्जनचं नाव सुचवलं. ते पोट न फाडता, दुर्बीण घालून ऑपरेशन करत.

अक्का गावाहून आल्या होत्या. दुर्बिणीचं ऑपरेशन म्हणजे त्यांच्या लेखी एकच, बायकांचं, मुलं बंद करायचं, जे गावोगावच्या शिबिरांत होतं. त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, "दुर्बिणनं? तो काय बाई शे का?" त्या आठवड्यात आम्ही हसलो ते तेवढंच. श्वास लागत असतानाही हे हसले, आणि मग खोकत बसले.

जळगावला निघायच्या वेळी मात्र अक्कांनी मला धक्काच दिला. त्या येणार नव्हत्या. रविवार जवळ आला होता, गावचं घर सारवायचं होतं, गहू निवडायचे होते. जीपमध्ये ह्यांना आडवं केलं, मी उशाशी बसले, तेव्हा त्या खिडकीशी आल्या आणि म्हणाल्या, "तू तठे ऱ्हाय, मी आठे ऱ्हास. कानबाई मी मांडसू." मग माझा पदर ओढून त्याच्या टोकाला त्यांनी काहीतरी बांधलं. गहू होते. "ह्या त्याना नावना शेतस," एवढं बोलून त्या मागे सरल्या. पारोळ्यापर्यंत मी मनातल्या मनात त्या बाईला नाही नाही ते बोलले. पोटचा मुलगा टेबलावर जाणार आणि आई नारळाला नथ घालत बसणार. आपल्याच नियमाबाहेर जाऊन, रोटाचे गहू घराबाहेर पाठवताना त्यांना काय वाटलं असेल, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही.

सर्जन खरंच तरुण होते. त्यांनी फोटो उजेडात धरून मला समजावलं. पोटात आतड्यांवर चरबीचा एक पदर असतो, त्यानं नळीला वेढून वर ओढलंय. तीन बारीक भोकं पाडून ते आत दुर्बीण घालणार, पदर सोडवणार, नळीचं टोक पुन्हा ओटीपोटात आणून एका टाक्यानं अडकवणार, म्हणजे ती भटकणार नाही. ह्यांचं सगळं लक्ष मात्र त्या दुर्बिणीच्या टीव्हीकडे. चित्र थोडं थरथरत होतं. म्हणाले, "डॉक्टर, मी बरा झालो की याचं बघून देतो." डॉक्टर हसले आणि मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, नळी मी जागेवर बसवतो. पण त्यातून सोडायला पाणी कुठंय?"

पाणी नव्हतं. आमच्याकडे दोनच पिशव्या उरल्या होत्या आणि त्या ऑपरेशनच्या वेळी नळी तपासण्यातच जाणार होत्या. नवे खोके मुंबईहून निघाले होते, पण मालट्रकांचा संप सुरू होता. समोरच्या टेलिफोन बूथवरून मी फोन केला तर कळलं, ट्रक नाशिकच्या पुढे हललेला नाही. ऑपरेशन थांबवता येत नव्हतं, कारण पोटातल्या जुन्या पाण्यानंच ह्यांचा श्वास कोंडला होता. आणि ऑपरेशननंतर पाण्याची अदलाबदल सुरू झाली नाही तर रक्तातली घाण वाढत जाणार, मशीन हृदयाला सोसणार नाही. डॉक्टरांनी चार ठिकाणी विचारलं. त्या पद्धतीच्या पिशव्या गावात कुणी ठेवत नव्हतं. त्यांनी स्वतः ढकलगाडी धरून ह्यांना आत नेलं आणि दार बंद झालं.

मी बाहेरच्या बाकावर एकटीच बसले, जळगाव माहेर असलं तरी तिथं आता माझं कुणी उरलं नव्हतं. आजपर्यंत मी देवाकडे जे काही मागितलं असेल ते वरवरचं, परीक्षा, पाऊस, पाहुण्यांची तब्येत असलं. खरं मागायची वेळ आली तेव्हा शब्दच सुचेनात. माहेरचा दत्त आठवला, पण त्याच्याशी माझी ओळख उदबत्तीपुरतीच. हात पदराच्या गाठीवर गेला. गव्हाचे दाणे बोटांना टोचले. त्या क्षणी मला अक्कांचा राग आला नाही, फक्त वाटलं, की त्या बाईकडे जाण्यासारखं एक दार तरी आहे, माझ्याकडे तेही नाही. गाठ मुठीत धरून मी म्हटलं, माय, मला तुझ्याशी बोलता येत नाही. ज्याची ही मूठ आहे तो आत आहे. तुला दिसतंय तेवढं तूच बघ. एवढंच म्हटलं. रडले नाही, नवससुद्धा बोलले नाही.

त्याच सुमारास एक गृहस्थ वॉर्डसाठी नव्या गाद्या घेऊन आले होते. पन्नाशीचे, डोक्यावर पांढरी टोपी, दाढीत आणि भुवयांतही कापसाचे तंतू अडकलेले. गाद्या उतरवताना ते आयाबाईंशी काहीतरी बोलले, मग माझ्याकडे पाहत राहिले. जवळ येऊन त्यांनी विचारलं, "पेट के पानी का मरीज आपका है?" मी मान हलवली. त्यांनी आमची रिकामी पिशवी बघायला मागितली. ती हातात घेऊन उलटसुलट केली, नळी जोडायच्या टोकावरून बोट फिरवलं आणि पिशवी माझ्या मांडीवर अलगद ठेवून ते निघून गेले. मला वाटलं, असेल कुणी चौकशी करणारा. दवाखान्यात अशी माणसं भेटतात, आजार विचारतात, हळहळतात आणि आपल्या कामाला लागतात.

ते परत आले ते हातगाडी ढकलत. गाडीवर गादीचं लाल आवरण पसरलेलं होतं. ते त्यांनी बाजूला केलं आणि खाली खोके होते. तेच खोके, त्याच पिशव्या, टोकाची जोडणीही तीच. मी उठून उभी राहिले. ऑपरेशन आटोपून डॉक्टर बाहेर आले, त्यांनी सील पाहिलं, तारीख पाहिली आणि माझ्याकडे बघून विचारलं, की ह्या कुठून आणल्या? मी त्या गृहस्थांकडे बोट दाखवलं. तेवढ्यात त्यांनी अर्धे खोके जिन्याशी रचलेही होते. मी हात जोडून, गहिवरून त्यांना म्हणाले, "भाऊ, तुम्हाला आमच्या कानबाईनंच धाडलं." ते खाली मान घालून म्हणाले, "ऊपरवाले की मेहरबानी, भाभी." आणि राहिलेले खोके उतरवायला लागले. त्यांचं नाव रशीदभाई, जळगावातच गाद्यांचं दुकान, एवढं मला आयाबाईंकडून कळलं. त्यांच्याकडे त्या पिशव्या कशा आल्या, हे मी विचारलंच नाही. आनंदात माणूस किती कमी प्रश्न विचारतो, हे मला पहिल्यांदा कळलं ते नंतर मागे वळून बघताना.

ऑपरेशन नीट झालं. ह्यांच्या पोटावर तीन छोट्या पट्ट्या, एका बाजूनं नळी बाहेर आलेली. डॉक्टरांनी रशीदभाईंच्या खोक्यातली पहिली पिशवी स्वतः जोडली, थोडंसंच पाणी आत सोडलं, झोपवूनच ठेवलं आणि मग खालच्या पिशवीचा चाप उघडला. मी जमिनीवर बसून त्या पिशवीकडे बघत होते. नळीतून एक बारीक धार आली, गुलाबीसर. डॉक्टर म्हणाले, काळजी नको, आतल्या जखमेचं आहे. पुढच्या पिशव्यांना गुलाबी रंग फिका होत गेला आणि एके दिवशी पाणी आलं ते स्वच्छ, किंचित पिवळसर, त्यातून पलीकडची फरशी दिसावी असं. पिशवी भरून जड होत गेली आणि ह्यांचा श्वास हलका होत गेला. मी कितीतरी देवळांत गेले आहे, पण हात आपोआप जोडले गेले ते त्या प्लास्टिकच्या पिशवीपुढे.

दवाखान्यातून सुटताना मी गादीचं ते लाल आवरण परत द्यायला रशीदभाईंच्या घरी गेले. दुकानामागेच एक खोली. आत गेले आणि माझे पाय थांबले. पलंगाच्या वर भिंतीत एक खिळा, नेहमीपेक्षा उंच, आमच्याही घरी मारलेला तसाच, पिशवी टांगायचा. खाली एक पाट, पिशवी ठेवायचा. पलंग मोकळा. मला काही विचारायची गरज उरली नव्हती, तरी तोंडातून गेलंच, की घरात कोण? रशीदभाई कापूस पिंजता पिंजता थांबले. म्हणाले, "घरवाली. पिछले जुम्मे को उनका चालीसवाँ हुआ." मग आवरणाची घडी माझ्या हातून घेत म्हणाले, "डब्बे देख के घर में बैठा नहीं जाता था, भाभी. किसी के काम आ गए, अच्छा हुआ."

मला तिथं मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्याच्या घरातून माणूस गेलं, त्याला मी तोंडभरून सांगितलं होतं, की देवीनं तुम्हाला माझ्यासाठी धाडलं. त्या माणसानं ते ऐकून घेतलं होतं, मान खाली घालून. जीपमध्ये मी ह्यांना काहीच सांगितलं नाही. खिडकीबाहेर केळीच्या बागा संपून कपाशी सुरू झाली, आणि मी एकच विचार करत राहिले. माझ्या दारात जी कृपा आली ती आभाळातून पडली नव्हती, ती दुसऱ्याच्या घरातून उठून आली होती. मग ती कृपा म्हणायची की काय म्हणायचं?

आम्ही सरळ गावीच गेलो. अक्कांनी ह्यांच्या वाटचा रोट शिंक्यात जपून ठेवला होता, पौर्णिमा अजून व्हायची होती. त्यांनी लेकाच्या तोंडावरून हात फिरवला, रोट कुस्करून दुधात भिजवला आणि स्वतः भरवला. मी त्यांना रशीदभाईंचं सगळं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. दुपारची पिशवी झाली आणि वापरलेलं पाणी मी मोरीकडे न्यायला निघाले, तेव्हा मात्र त्यांनी हात धरला. "तठे नको," म्हणाल्या, आणि अंगणातल्या रोटाच्या खड्ड्याकडे बोट केलं. त्या दिवसापासून गावी असलो की ते पाणी त्या खड्ड्यातच गेलं. मी वाद घातला नाही. तोपर्यंत माझ्यातली वाद घालणारी बाई जरा थकली होती.

पुढे अक्का आमच्याजवळ धुळ्यालाच राहिल्या. एक आख्खं वर्ष आणि वर थोडे महिने आम्हाला मिळाले. पाणी बदलायच्या वेळी खोलीचं दार आणि पंखा बंद, कोपरापर्यंत साबणानं हात, तोंडाला फडकं, टोकाला कशाचाही स्पर्श नाही. जराशी चूक झाली तर पोटात जंतू जातात आणि पाणी गढूळ होतं, हे डॉक्टरांनी बजावलं होतं. अक्कांना त्यातलं काही शिकवावं लागलं नाही. जन्मभर कानबाईचं सोवळं पाळलेल्या बाईला हे नवीन नव्हतं. दाराशी पाट टाकून त्या बसत आणि खुद्द पाहुण्यांनाही आत फिरकू देत नसत. हे आतून ओरडायचे, की अक्का, जरा हवा तरी येऊ दे, मी काय नारळ आहे का? मी हात धुताना हळूहळू तोंडानं कानबाईचं नाव घ्यायला लागले. भक्तीनं म्हणाल तर तसं नाही, मला हात धुवायला किती वेळ लागला पाहिजे याचा अंदाज त्या नावानं यायचा. पण रोज चारदा घेतलेलं नाव माणसाला कुठंतरी लागतंच. खोके संप मिटल्यावर मुंबईहून यायला लागले. जळगावला तपासणीसाठी गेलो की हे रशीदभाईंच्या दुकानात बसून यायचे, त्यांचा जुना रेडिओ ह्यांनी दोनदा बोलता केला. डॉक्टरांच्या टीव्हीचं थरथरणंही थांबवून आले.

दुसऱ्या वर्षीचे रोटही ह्यांनी खाल्ले. दिवाळी झाली, थंडी पडली. एका दुपारी दुकानात कुणाचा तरी ट्रान्झिस्टर उघडून बसले होते, तसेच टेबलावर डोकं टेकून गेले. हृदय थांबलं, डॉक्टर म्हणाले. हातातला स्क्रूड्रायव्हरही खाली पडला नव्हता. घरी आणल्यावर मी वेड्यासारखी आधी सकाळची पिशवी पाहिली. पाणी स्वच्छ होतं. शेवटपर्यंत ते एकदाही गढूळ झालं नव्हतं. कुठं चुकलं ते शोधायला मला एक जागा हवी होती, आणि तीही राहिली नाही.

दिवस झाले, माणसं पांगली, आणि आम्ही दोघी त्या खोक्यांपुढे बसलो. नुकतेच आलेले होते, भिंतीला लावून छातीएवढे. मी ते डोळ्यांपुढून न्यायला सांगणार होते, कुठंही, अगदी उकिरड्यावर. अक्का म्हणाल्या, "ह्या पानीनी कोनी तरी वाट देखी ऱ्हायनं व्हई." मग मी रशीदभाईंना निरोप पाठवला. ते आले, खोक्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, भुसावळला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये एक मुलगी आहे, नुकतीच जळगावच्या त्याच डॉक्टरांनी दुर्बिणीनं नळी बसवली आहे, आणि त्यांच्याकडे पुरेसं पाणी नाही. मला म्हणाले, मी पोचवतो, तुम्ही यायची गरज नाही. पण मी गेले. का गेले ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

क्वार्टरच्या दारात टेम्पो थांबला. मुलगी आत पलंगावर होती, लांब वेणी घातलेली, वीस-बावीस वर्षांची. तिची आई खोके बघून आधी विश्वासच ठेवीना. मग तिनं माझे दोन्ही हात धरले आणि हसत, रडत म्हणाली, "ताई, काल रात्रभर देवीला विनवत होते. तिनंच धाडलं हो तुम्हाला." तिनं माझं मोकळं कपाळ पाहिलं नाही. हातात बांगड्या नाहीत हे त्याच हातांना धरून तिला कळलं नाही. मी बाजूला पाहिलं. रशीदभाई खोका उचलून उभे होते, खाली मान घालून, अगदी तसेच, जसे जळगावच्या त्या जिन्याशी उभे होते. माझ्या लक्षात आलं, की त्या दिवशी त्यांनी मला काय दिलं होतं. पाणी तर दिलंच, पण माझा आनंद मला पुरा होऊ दिला होता. मी त्या आईला म्हटलं, "हो, तिनंच धाडलं." आणि हे म्हणताना मला पहिल्यांदा असं वाटलं, की हे खोटं नाही. परत येताना टेम्पोत मी पदर तोंडाला लावून रडले, आणि रशीदभाईंनी माझ्याकडे एकदाही वळून पाहिलं नाही.

पुढच्या श्रावणात आम्ही गावी गेलो. घर सारवलं, चुना दिला. गव्हाचं पोतं उघडून अक्का बसल्या, भोवती सगळी भाऊबंदकी. एकेका पुरुषाचं नाव घेऊन त्या सव्वा मूठ गहू परातीत टाकत होत्या. थोरले चुलत सासरे, ज्यांना आम्ही नाना म्हणतो, त्यांची मूठ झाली, त्यांच्या मुलांची, नातवंडांची झाली. शेवटी नेहमी ह्यांची असायची. अक्कांचा हात सवयीनं पोत्यात गेला, मूठ भरली आणि तशीच वर थांबली. दाणे बोटांच्या फटींतून एकेक गळत होते. मग त्यांनी मूठ घट्ट केली, परातीवर नेली आणि म्हणाल्या, "ही जळगावना रशीदभाऊनी."

नानांनी हळूच म्हटलं, की अक्का, रोट भाऊबंदकीबाहेर जात नाहीत, तुम्हीच आम्हाला शिकवलंय. अक्कांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. परातीतल्या गव्हाकडे बघतच विचारलं, "जळगावमा मना आंडोरना पोटमा पहिलं पानी कोन्हानं व्हतं?"

मग नानांनीच मला विचारलं, की रशीदभाईंना बोलावणं कुणी धाडायचं.

रशीदभाई रविवारी आले. येतील की नाही, आले तर देवीपुढचं खातील की नाही, मला धाकधूक होती. मी त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, की तुम्हाला चालणार नसेल तर अक्कांना मी सांगते, वाईट वाटून घेणार नाहीत. ते म्हणाले, "घर का बुलावा है, भाभी." पंगतीत नानांच्या शेजारी बसले, मनाशी काहीतरी पुटपुटले आणि गंगाफळाच्या भाजीला लावून रोटाचा पहिला घास घेतला. अक्का समोर बसून ते खात असताना बघत होत्या, जसं लेकाकडे बघायच्या.

मी आता कानबाईपुढे बसते तेव्हा फारसं काही मागत नाही. मागायचं राहिलं नाही म्हणून नव्हे. माझ्या घरात यावं म्हणून मी एकदा मागितलं होतं, आणि ते आलं, आणि ते कुठून आलं हे मला कळलं. माझ्या घरातून जायचं होतं तेही गेलं, मी अडवू शकले नाही. या येण्याजाण्याच्या मधे आपण किती थोडे आहोत, हे ज्या दिवशी पटलं त्या दिवशी मन जरा खाली बसलं. दुःख संपलं नाही, ते अजून तेवढंच आहे. पण ते घेऊन तिच्यापुढे बसता येतं. मी एवढंच म्हणते, माय, माझ्याकडून जे जाईल ते कुणाच्या तरी दारी पोचू दे, आणि त्या घरानं मला काही विचारू नये.

त्या दिवशी जेवणं झाल्यावर सगळे हात धुवायला अंगणातल्या खड्ड्याशी गेले. रशीदभाई शेवटी राहिले. कुठं धुवायचे हे त्यांना कळेना, तेव्हा अक्कांनी तांब्या उचलला आणि स्वतः त्यांच्या हातांवर पाणी घातलं. दोघांनीही मान खाली घातलेली होती. ते पाणी, जिथं माझ्या नवऱ्याच्या पोटातलं पाणी गेलं होतं, त्याच मातीत मुरलं.